पहिलं सत्र, घरातलं

अहिल्याबाई होळकरांच्या नावाने एसटीचा एक पास निघतो. खेड्यातली मुलगी पाचवीपासून बारावीपर्यंत त्या पासावर फुकट शाळेला जाते. बारावीचा निकाल लागतो, मुलगी सोलापुरातल्या एखाद्या कॉलेजात नाव घालते आणि तो पास बंद होतो. आता विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास काढायचा, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भाग दर महिन्याला रोख भरायचा. गंमत अशी की, तिचं कॉलेज ज्या विद्यापीठाला जोडलेलं आहे त्याचंही नाव २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असंच आहे. शाळेपर्यंत सोबत आलेलं नाव केगावला विद्यापीठाच्या कमानीवर पुन्हा भेटतं. मधल्या रस्त्याचे पैसे तेवढे घरच्यांनी द्यायचे.

रक्कम डोळे पांढरे करणारी नसते. पण अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कोरडवाहू घरात जूनमध्ये बियाणं, खत, धाकट्याची पुस्तकं आणि थोरलीची फी एकदमच दारात उभी राहतात. अशा वेळी पासाचे पैसे हे निमित्त होतं. ‘बारावीपर्यंत शिकली, आता बास’ हे वाक्य घरात कुणीतरी मनात धरूनच बसलेलं असतं.

तरीही मुली येतात. मुलंही येतात, आणि त्यांच्यासाठी घरं जिवाचं रान करतात. सीईटीचा क्लास लावायला आईच्या कानातलं गहाण पडतं, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बाप तहसीलच्या रांगेत मजुरीचा दिवस घालवतो, कॅप राउंडची यादी लागणार त्या रात्री चुलत्याच्या मोबाइलभोवती अख्खं घर जमतं. फी भरल्याची पावती हातात आली की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पुढचं पोराचं पोर बघेल! माझा मुद्दा नेमका इथे आहे. सोलापुरातलं घर ॲडमिशनपर्यंत पोराच्या पाठीशी असतं आणि पावती मिळाल्यावर बाजूला होतं. ज्या चार-पाच महिन्यांत त्याला घराची सगळ्यात जास्त गरज असते, ते त्या पावतीनंतर सुरू होतात.

सोलापुरात हे बाजूला होणं सहज नजरेत येत नाही, याला कारण आहे. पूर्वी विद्यापीठ दूर होतं. दयानंद कॉलेज १९४० चं, संगमेश्वर १९५३ चं; पण शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये झालं तेव्हापासून सोलापूरच्या मुलाच्या पदवीचा कागद कोल्हापूरहून यायचा. गुणपत्रिकेत नाव चुकलं तर एसटीने कोल्हापूर गाठायचं, मुक्काम करायचा, कारकुनाला भेटायचं आणि परत यायचं. विद्यापीठ ही परगावची गोष्ट आहे हे घराला आपोआप कळत असे. १ ऑगस्ट २००४ ला सोलापूरचं स्वतंत्र विद्यापीठ झालं, एकाच जिल्ह्यापुरतं. त्या वेळी मुख्यमंत्री होते सुशीलकुमार शिंदे, ज्यांनी सोलापूरच्याच कोर्टात पट्टेवाल्याची नोकरी करत शिक्षण घेतलं. आज अकरा तालुक्यांत शंभराहून अधिक कॉलेजं आहेत. त्यामुळे बहुतेक मुलं घर सोडतच नाहीत. त्याच माडीवर झोपतात, त्याच नळावर पाणी भरतात आणि सकाळी विद्यापीठात जातात. बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही, म्हणून घरही बदलत नाही.

शिंद्यांची गोष्ट सोलापुरात फार सांगितली जाते आणि सांगावी अशीच आहे. पण एकट्याने कष्ट करून वर आलेल्या माणसाच्या गोष्टींचा एक तोटा असतो. त्या ऐकून घराला वाटतं, जिद्द असली की झालं. दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास करून पदवीपर्यंत पोचलेला एक जण आपल्याला ठाऊक असतो; तसंच करताना दुसऱ्या सत्रात गळालेली किती असतील, त्यांची गोष्ट सांगणारं कोणी नसतं.

शहराच्या पूर्वभागात जाऊन पाहावं. साखर पेठेपासून अक्कलकोट रस्त्यापर्यंत तेलुगू विणकरांची वस्ती, पुढे कुंभारीला विडी कामगारांची घरकुलं. पद्मशाली समाजातल्या बायका पिढ्यान्पिढ्या विड्या वळतात, पुरुष यंत्रमागावर टॉवेल-चादरी काढतात. विडीची मजुरी हजाराच्या हिशोबाने मिळते. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. हजार विड्या एकटीने करायच्या तर दिवस सरतो. म्हणून घरातली मुलगी पान कापायला बसते, हे या वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही. शाळेत असताना ते चालून जातं, कारण शाळा दुपारी सुटते आणि गृहपाठ तासाभरात होतो. पहिल्या वर्षाच्या बी.एस्सी.ला प्रॅक्टिकल दुपारी असतं, जर्नल घरी लिहायचं असतं आणि आईला संध्याकाळपर्यंत हजार पूर्ण करायचे असतात. इथे कोणीच वाईट नाही. मुलीने दोनशे विड्यांची पानं कापली नाहीत तर तेवढी मजुरी त्या दिवशी कमी येते, इतका तो रोखठोक हिशोब आहे.

अशा घराला ‘मुलीला अभ्यासाला वेगळी खोली द्या’ असं सांगणारा पालक-मार्गदर्शक एक तर पुण्याचा असतो किंवा त्याने ती खोली पाहिलेली नसते. मागता येईल ते वेगळं आहे. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस तिचा वाटा धाकट्यांनी किंवा शेजारणीने उचलावा. मंदिरात, तालमीच्या हॉलमध्ये, समाजाच्या मंगल कार्यालयात, लग्नसराई नसते तेव्हा, रात्री आठ ते अकरा दिवे चालू ठेवावेत. पूर्वभागातल्या अभ्यासिका मुलांनी भरलेल्या असतात. मुलींना मात्र नऊ वाजता घरी परतावं लागतं. वस्तीतल्या कुणा वडीलधाऱ्याने ने-आण पत्करली, तर एका घराचं नव्हे, दहा घरांचं काम होतं.

ग्रामीण भागातलं चित्र निराळं, पण पेच तोच. सांगोला, मंगळवेढा, माढा या भागातली मुलं हंगामात गायब होतात. पहिल्या सत्राचं जर्नल पूर्ण करायच्या दिवसांत ज्वारीची पेरणी आणि कोळपणी असते, दुसऱ्या सत्रात काढणी. ऊसतोड सुरू झाली की आणखी वेगळं. हजेरी पंचाहत्तर टक्के लागते हे प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. ती पुस्तिका बापाने पाहिलेली नसते आणि मुलाने वाचलेली नसते. डिसेंबरात टर्म अडकली की बापाला पहिल्यांदा कळतं की, कॉलेजात गैरहजेरी ‘चिठ्ठी दिली की माफ’ अशी नसते.

पहिलं वर्ष म्हणजे नेमकं काय, हे घराला कोणी समजावून सांगत नाही. २०२४-२५ पासून महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि पदवीचा सगळा सांगाडाच बदलला. मेजर, मायनर, खुला विषय, कौशल्याचा विषय, भारतीय ज्ञानप्रणाली. वर्षाला चाळीस ते चव्वेचाळीस श्रेयांक, निम्मे या सत्रात, निम्मे पुढच्या. श्रेयांक साठवायला आधारसारखं एक वेगळं खातं. वर्गात सत्रभर मिळणारे मार्क अंतिम निकालात धरले जातात, म्हणजे ‘शेवटच्या महिन्यात उरकू’ हा बारावीचा हुकमी उपाय इथे चालत नाही. खुला विषय दुसऱ्या शाखेचा असल्याने तास विखुरलेले असतात. एक तास साडेसातला, दुसरा साडेअकराला, मधे ग्रंथालय. घरात मात्र हिशोब वेगळा लागतो. ‘तीन तासांचं कॉलेज, मग पाचला कशी आलीस?’ या प्रश्नाने किती मुलींचं ग्रंथालय तुटलं, याची मोजदाद कुठल्याही अहवालात सापडणार नाही. यावरचा उपाय फुकट आहे आणि तो सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही: वेळापत्रकाची एक प्रत भिंतीवर, कॅलेंडरशेजारी.

नव्या रचनेतली एक सोय मला मात्र धोक्याची वाटते. पहिल्या वर्षानंतर ठरावीक श्रेयांक आणि जादा काम पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. साठवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत टिकतात, परत येता येतं. कागदावर हे उदार आहे. पण मुलगी अठरा पूर्ण करते ती नेमकी पहिल्या वर्षात असताना, आणि कायद्याने लग्नाचं वयही तेच. स्थळं त्याच वर्षी यायला लागतात. ‘एक सर्टिफिकेट तर मिळालं, उरलेलं सासरी’ असं म्हणायला घराला आता सरकारी आधार मिळाला आहे. सात वर्षांत सासरहून परत येऊन श्रेयांक पुढे चालवणाऱ्या मुली निघतील, नाही असं नाही. मी त्यावर पैज लावणार नाही.

आता केटीची गोष्ट, कारण घरं तिथेच कोसळतात. बारावीला ऐंशी-पंच्याऐंशी टक्के मिळवलेलं पोर इंजिनिअरिंगला जातं. पहिल्या सत्रात एम-वनला, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरला, केटी लागते, म्हणजे तो विषय राहतो. हॉस्टेलवर आणि कट्ट्यावर यात कुणाला फारसं नवल वाटत नाही. सीनियर सांगतात की अर्ध्या वर्गाची राहते. घरात मात्र हा शब्द नापास या शब्दासारखा ऐकू जातो, आणि पेढे वाटून जेमतेम आठ महिने झालेले असतात. म्हणून पोर लपवतं. गुणपत्रिका ऑनलाइन असते, पासवर्ड त्याच्याकडे असतो. लपवणं सोपं झालं आहे. एक लपवली की दुसरी लपते, परीक्षेच्या फॉर्मचे पैसे कुठून तरी उसने येतात आणि दुसऱ्या वर्षाच्या दारात चार विषय तुंबतात. नियम साधा आहे: ठरावीक विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसता येतं, राहिलेले विषय पुन्हा देता येतात. हे घराला निकालाआधी माहीत असलं, तर निकालानंतरचं भांडण अर्ध्यावर येतं. आई-बापाने सप्टेंबरातच एकदा तोंडाने म्हणून ठेवायला हवं, ‘राहिला एखादा विषय तर सांग, बघू.’ निकालानंतर तेच वाक्य म्हटलं तर ते समजूत काढल्यासारखं वाटतं. आधी म्हटलं तर ती परवानगी असते.

आणि एवढ्यावर न थांबणारी पोरंही असतात. जेवण तुटतं, झोप उडते, फोन बंद होतो. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक सरकारने २०२२ मध्ये सुरू केला. तो फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. रॅगिंगविरुद्ध देशपातळीवरचा क्रमांक १८००-१८०-५५२२. प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रावर पालकाचीही सही घेतात. बहुतेक पालक ती सही सायबर कॅफेत, काय लिहिलंय न वाचता करतात. निदान तो नंबर उतरवून घ्यावा.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र घराला कमी लेखू नये. जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, उत्पन्न, आधारला जोडलेलं बँक खातं, यांची जंत्री सोलापुरातल्या कुठल्याही बिगारी कामगाराला तोंडपाठ असते. अडतं ते पुढे. महाडीबीटीवर भरलेला शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो, त्रुटीचा संदेश बंद पडलेल्या नंबरवर जातो, दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करायचं असतं हे लक्षातच राहत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. चांगलं झालं. पण ‘मुलींचं शिक्षण मोफत’ एवढंच घरात पोचलं, आणि खोलीचं भाडं, मेस, बस, ड्रॉइंगचं सामान यांची यादी ऑगस्टात समोर आली तेव्हा बापाला वाटलं, मुलगी खोटं बोलते. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार कल्याण विभागाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. आईच्या विडी कामगार ओळखपत्रावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून अर्ज करता येतो. अनुसूचित जातीच्या, घराबाहेर राहणाऱ्या आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. घरात एक वही असावी, तीत अर्जाचा क्रमांक, तारीख, पासवर्ड, जोडलेला मोबाइल नंबर. ही वही मुलाने नव्हे, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी सांभाळावी, कारण नाहीतर सगळ्या घराचे फॉर्म भरणारं एकुलतं एक पोर स्वतःचाच फॉर्म विसरतं. हे फार वेळा होतं. रेशनकार्ड, वीजबिल, आजीची पेन्शन, शेजाऱ्याचा पीक विमा, सगळं त्याच्याच मोबाइलवर.

जी मुलं खरोखर घर सोडून जातात, ती हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातात. सकाळची गाडी, सोबत बाप, पायाशी पत्र्याची पेटी किंवा नवी ट्रॉली बॅग, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. बाप संध्याकाळच्याच गाडीने परत येतो, कारण पुण्यात मुक्कामाचं परवडत नाही. या मुलांच्या घराचं प्रेम मग दोन वाटांनी धावतं: डबा आणि फोन. डब्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बार्शी-करमाळ्याहून सोलापुरात शिकणाऱ्या पोराला एसटीने येणारा डबा ही या भागातली जुनी रीत आहे, आणि तिने कित्येकांचं शिक्षण तारलं आहे. फोनबद्दल आहे. रात्री नऊला ‘जेवलास का, अभ्यास झाला का’ या दोन प्रश्नांची दोन एकाक्षरी उत्तरं येतात आणि फोन संपतो. त्याऐवजी ‘आज कुणाबरोबर जेवलास’ विचारून पाहावं. पहिल्या दोन महिन्यांत या प्रश्नाचं उत्तर रोज ‘एकटाच’ येत असेल, तर केटीपेक्षा त्याची काळजी आधी करायला हवी.

अमेरिकेत या विषयावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. व्हिन्सेंट टिंटो यांचं ‘लीव्हिंग कॉलेज’ हे १९८७ चं पुस्तक अजूनही आधाराला घेतलं जातं. मानववंशशास्त्रातले संस्कारविधींचे टप्पे घेऊन त्यांनी मांडलं की, विद्यार्थी आधी आपल्या जुन्या जगापासून सुटतो, मग अधांतरी असतो, मग कॉलेजच्या जगात मिसळतो. जो सुटत नाही तो मिसळत नाही. विल्यम टिअर्नी यांनी १९९२ मध्ये त्यावर बोट ठेवलं. संस्कारविधी हा एकाच समाजाच्या आत होतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडची मुंज घ्या: मुलगा बाहेर पडतो तो त्याच घरात, त्याच माणसांत. तिथल्या आदिवासी मुलाला परक्या संस्कृतीच्या कॉलेजात जायला लावून ‘आधी घरापासून तूट’ म्हणणं हा संस्कार नव्हे, विस्थापन आहे. मला टिअर्नींचं पटतं. विडीच्या पानांत वाढलेल्या मुलीला घरापासून तोडून पदवीधर करायचं असेल, तर बहुतेक मुली घरच निवडतील आणि त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

महाराष्ट्राला हे ठाऊक होतं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाची बोर्डिंगं काढली, ती खेड्यातून आलेल्या पोराला आपल्या बोलीची, आपल्या जेवणाची चार माणसं भेटावीत म्हणूनही. साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं. बार्शीत मामासाहेब जगदाळे यांनीही खेड्यातल्या मुलांच्या राहण्या-जेवणाची काळजी वाहतच शिक्षणाचं काम वाढवलं. ही माणसं शिक्षणाचा विचार करताना स्वयंपाकघरापासून सुरुवात करत. २०२१-२२ च्या केंद्राच्या पाहणीनुसार राज्याचं उच्च शिक्षणातलं सकल नोंदणी प्रमाण ३५.३ होतं, देशाचं २८.४. नोंदणीत आपण पुढे आहोत. स्वयंपाकघराची आठवण मात्र कॉलेजांना राहिलेली नाही.

कॉलेजं काय करतात ते सांगतो. नॅकच्या तपासणीत मेंटॉर आणि विद्यार्थी यांचं प्रमाण दाखवावं लागतं, म्हणून प्रत्येक प्राध्यापकाच्या नावावर वीस-तीस मुलं लिहिलेली असतात. पालक मेळावाही होतो. तो कामाच्या दिवशी सकाळी अकराला, सभागृहात, हार-शाल-श्रीफळासह. विडी वळणारी आई अकराला आली तर तिची अर्धी मजुरी जाते. रात्रपाळी करून आलेला मागवाला बाप झोपलेला असतो. येतात ते नोकरदार पालक, ज्यांना त्या मेळाव्याची फारशी गरज नसते. भाषणं मराठीत, मधे मधे इंग्रजी. पूर्वभागातल्या कित्येक आयांची भाषा तेलुगू, अक्कलकोटकडच्यांची कानडी, विजापूर वेशीकडे दखनी. सोलापूरचं पोर घरी दोन-तीन भाषा बोलत वाढतं आणि कॉलेजात इंग्रजी येत नाही म्हणून मान खाली घालतं. त्याच्या आईशी तिच्या भाषेत बोलणारा प्राध्यापक प्रत्येक कॉलेजात असतो, पण पालक मेळाव्यात माइक त्याच्या हातात नसतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने नवागतांसाठी ‘दीक्षारंभ’ नावाचा कार्यक्रम सुचवला आहे. त्यातला एक दिवस तरी वस्तीत व्हावा: कुंभारीच्या घरकुलात, सांगोल्याच्या बाजारतळावर, संध्याकाळी सातनंतर, हारतुऱ्यांशिवाय. केटी म्हणजे काय, हजेरी कशी मोजतात, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडतो, मेंटॉरचा फोन नंबर काय, एवढं तेलुगूत आणि कानडीत सांगावं. यासाठी वेगळा निधी लागत नाही. सभागृहाच्या मंडपाचा खर्च वाचतो तेवढ्यात दोन गाड्या होतात.

घरांकडे माझं एवढंच मागणं आहे. हा अंक हातात येईल तेव्हा पहिल्या सत्राच्या परीक्षा तोंडावर असतील, आणि दिवाळीत फराळाचे डबे घेऊन गल्लीभर फिरायचं काम नेहमीप्रमाणे थोरल्या मुलीकडे आलेलं असेल. या वर्षी ती पदवीच्या पहिल्या वर्षाला असेल, तर डबे वाटायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.